आवडी पाच, डिग्री एक: निवड करायची कशी?

मी गेली बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. आमचं गाव सातारा जिल्ह्यात. मे-जून आला की संध्याकाळी घरी कुणी ना कुणी येतंच. हातात निकालाची झेरॉक्स, बरोबर आई नाहीतर वडील.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. बारावी सायन्स, मार्क चांगले. वडिलांनी खुर्चीत बसता बसताच सुरुवात केली. "मॅडम, पोरगी हुशार आहे, पण हिचं एक काही ठरत नाही. आज म्हणते बॉटनी, उद्या म्हणते तबला, परवा म्हणते वकील होते. चित्रं तर दिवसभर चालूच असतात. एक ना धड, भाराभर चिंध्या." मुलगी मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला हे वाक्य नवीन नव्हतं.

अशा मुलांना आपण सगळे मिळून एकच प्रश्न विचारतो: "यातलं तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?" आणि इथेच गाडी अडते. सतराव्या वर्षी याचं खरं उत्तर बहुतेकांकडे नसतंच. एक आवड निवडायची म्हणजे बाकीच्या चार मारायच्या, असं त्या मुलाला वाटतं, आणि मग ते काहीच निवडत नाही. फॉर्मची शेवटची तारीख आली की मित्र जिथे चालले तिथे जातं.

मी आता वेगळा प्रश्न विचारते. यातल्या कोणत्या गोष्टीला डिग्रीशिवाय दारच नाही? कोणती गोष्ट डिग्री न घेताही आयुष्यभर करता येईल? आणि कोणतं दार आज उघडं आहे, पण दोन वर्षांनी बंद होईल? या तीन प्रश्नांची उत्तरं आवडीनिवडीवर अवलंबून नसतात. ती शोधून काढता येतात, कागदावर मांडता येतात. त्या मुलीबरोबर जे केलं तेच इथे क्रमाने सांगते. एक दोनशे पानी वही घ्या आणि दोन महिन्यांचा वेळ हाताशी ठेवा. दहावीच्या सुट्टीत केलंत तर उत्तम, बारावीनंतर केलंत तरी चालेल.

पहिलं काम: विषय लिहू नका, क्रियापद लिहा

वहीच्या पहिल्या पानावर आवडणाऱ्या गोष्टी लिहायच्या, पण 'बायॉलॉजी', 'कॉम्प्युटर', 'म्युझिक' अशी नावं लिहायची नाहीत. ते काम करताना तुमचे हात, डोळे, डोकं नेमकं काय करत असतं ते लिहायचं. ओळीच्या शेवटी क्रियापद आलं पाहिजे.

त्या मुलीने आधी 'बॉटनी' एवढंच लिहिलं. मी म्हटलं, बॉटनीत काय? पाठ करायला आवडतं? नाही. वर्गीकरण? नाही. मग मला तिचं अकरावीचं प्रॅक्टिकल आठवलं. सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद घ्यायचा होता. बाकीची मुलं दोन-तीन जाड काप काढून मोकळी झाली. ही ब्लेडने काप घेत राहिली, वॉच ग्लासमधल्या पाण्यात ते तरंगत होते, त्यातला सगळ्यात पातळ ब्रशने उचलून तिने स्लाइडवर ठेवला, सॅफ्रनिनचा थेंब सोडला. मायक्रोस्कोपखाली झायलेमच्या पेशी लाल उमटल्या, आणि त्या ती जर्नलमध्ये एकेक करून उतरवत बसली. पेन्सिलीला दर पाच मिनिटांनी टोक. शेवटी लॅबमधले मामा किल्ल्या वाजवत दारात उभे राहिले तेव्हा उठली.

मग तिने लिहिलं: 'बारीक बघणं. बघितलेलं हाताने हुबेहूब उतरवणं.' तबल्यासमोर लिहिलं: 'एकच बोल हात सुटेपर्यंत घोटणं.' वकिलीपाशी बराच वेळ अडली. शेवटी लक्षात आलं की वकिलीची ओढ आली होती वादविवाद स्पर्धेतून. 'समोरच्याच्या बोलण्यातली फट शोधणं', हे तिने लिहिलं.

या एका पानाने अर्धा गुंता सुटतो. पाच आवडी वाटतात त्यातल्या दोन एकच निघतात. तिची चित्रकला आणि तिची बॉटनी वेगळी नव्हती. उलटही होतं. कॉम्प्युटर आवडतो म्हणणाऱ्या एका मुलाला फक्त व्हिडिओ कापून जोडायला आवडत होतं, प्रोग्रॅम लिहायला अजिबात नाही. हे इंजिनीअरिंगची फी भरण्याआधी कळलेलं बरं.

दुसरं काम: परवाना, प्रयोगशाळा की रियाज?

आता प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा.

'परवाना' लिहायचा तिथे, जिथे ठरावीक डिग्री आणि नोंदणी असल्याशिवाय कायद्याने काम करताच येत नाही. डॉक्टर, डेंटिस्ट, नर्स, फार्मासिस्ट, वकील, आर्किटेक्ट, चार्टर्ड अकाउंटंट ही सगळी त्यातली. शाळेत शिकवायचं तर बीएड-डीएड लागतं. इथे हौस म्हणून शिकून भागत नाही.

'प्रयोगशाळा' लिहायची तिथे, जिथे परवाना नसला तरी एकट्याने घरी बसून शिकता येत नाही. रसायनं, यंत्रं, शेताचे प्रयोग, वनस्पतींचे जतन केलेले नमुने, मोठं ग्रंथालय, जाणकार मार्गदर्शक, यातलं काहीतरी लागतं. मूलभूत विज्ञान, शेती, पुरातत्त्व, बरंचसं इंजिनीअरिंग यात बसतं.

'रियाज' लिहायचा तिथे, जिथे समोरचा तुमची डिग्री विचारत नाही, केलेलं काम बघतो. लेखन, भाषांतर, फोटोग्राफी, व्हिडिओ एडिटिंग, वाद्यवादन, बरंचसं प्रोग्रॅमिंग, परदेशी भाषा. यात डिग्री असते, कधी कामालाही येते, पण तिच्यावाचून अडत नाही.

आता नियम सरळ आहे. डिग्रीची तीन-चार वर्षं आणि आईवडिलांचे पैसे आधी परवान्याला किंवा प्रयोगशाळेला द्यायचे. रियाज त्या डिग्रीच्या शेजारी चालू ठेवायचा. डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण आमच्या जिल्ह्यातलंच. जन्म साताऱ्याचा, १९२७चा. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकले, कान-नाक-घशाचे सर्जन झाले, पुण्यात आणि आफ्रिकेत टांझानियात प्रॅक्टिस केली. नाटक कॉलेजपासून शेजारी चालूच होतं. १९६९मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ आणि नट, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ आणि दिग्दर्शक. तिघांनीही आधी असं शिक्षण घेतलं, जे नंतर बाजूला बसून शिकता आलं नसतं. हे करायला अफाट कष्ट लागतात हे खरंच, आणि प्रत्येकाने मेडिकलला जावं असं मी मुळीच म्हणत नाही. मला त्यांचा क्रम दाखवायचा आहे.

एक अपवाद सांगते. रियाजाच्या काही गोष्टींत शरीराचं वय महत्त्वाचं असतं: शास्त्रीय नृत्य, खेळ, काही प्रमाणात गाणं. मूल खरोखर वरच्या पातळीवर असेल, म्हणजे राज्य पातळीवर खेळत असेल किंवा गुरू स्वतःहून सांगत असतील, तर रियाजच पुढे ठेवावा आणि डिग्री मुक्त विद्यापीठातून घ्यावी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून आणि इग्नू १९८५पासून याचसाठी आहेत. त्या डिग्रीवर स्पर्धा परीक्षाही देता येतात.

तिसरं काम: कोणतं दार कधी बंद होतं

याच ठिकाणी मुलांचं खरं नुकसान होतं, म्हणून इथे थांबून नीट बघा.

सगळ्यात जड दार अकरावीच्या विषयांचं. बारावीला जीवशास्त्र नसेल तर मेडिकलच्या 'नीट' प्रवेश परीक्षेच्या वाटेला लागणं अवघड. गणित सोडलंत तर इंजिनीअरिंग आणि आर्किटेक्चर लांब जातं. पायलट व्हायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. एनडीएत आर्मीसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण नेव्ही आणि एअर फोर्ससाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. शिवाय एनडीएला वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे संधी मोजक्याच.

ज्यांना खरोखर दोन्हींत रस आहे त्यांनी अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावेत. एमएचटी-सीईटीला दोन्ही ग्रुप देता येतात. मात्र 'पुढे बघू, आत्ता सायन्स घेऊन ठेव, सगळी दारं उघडी राहतील' हा सल्ला मला पटत नाही. सायन्समधून आर्ट्स-कॉमर्सला जाता येतं, उलट येता येत नाही, हे बरोबर आहे. पण ज्या मुलाचा जीव इतिहासात आहे त्याने दोन वर्षं फिजिक्सची गणितं रडत सोडवायची, पंचावन्न टक्के घेऊन बाहेर पडायचं आणि 'आपण ढ आहोत' हे मनात पक्कं करून आर्ट्सला यायचं, यात कोणतं दार उघडं राहिलं? दार उघडं ठेवायचं ते आपल्या वहीत असलेल्या खोलीचंच.

आता जी दारं बंद होत नाहीत ती बघा, कारण त्यांची यादी मुलांना कुणी सांगत नाही. वकिलीचा पाच वर्षांचा कोर्स बारावीनंतर आहे, पण तीन वर्षांचा कुठल्याही पदवीनंतर आहे. एमबीए, पत्रकारिता, समाजकार्य, ग्रंथालयशास्त्र या सगळ्यांना कुठलीही पदवी चालते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एमएला कुठल्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. डिझाइनला बारावीनंतर 'यूसीड' किंवा एनआयडीची परीक्षा आहे आणि ती हुकली तर पदवीनंतर 'सीड' देऊन आयआयटीत एमडेस, म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी करता येते. चार्टर्ड अकाउंटंटच्या फाउंडेशनला कुठल्याही शाखेची बारावी चालते. यूपीएससी आणि एमपीएससी राज्यसेवेला कुठलीही पदवी, आणि खुल्या वर्गाला वयोमर्यादा अनुक्रमे ३२ आणि ३८. म्हणून 'मला आयएएस व्हायचंय, कोणती डिग्री घेऊ' या प्रश्नावर माझं उत्तर ठरलेलं: जी घेऊन आयएएस झाला नाहीस तरी पोट भरेल, ती.

वहीत प्रत्येक ओळीपुढे आता तारीख टाका. हे दार कधीपर्यंत उघडं? ज्याची तारीख जवळ ते वर. त्या मुलीची वकिली इथे आपोआप खाली गेली. कायमची सुटली नाही, तीन वर्षं पुढे गेली, एवढंच. तिच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा सुटल्यासारखं दिसलं ते या पानावर.

चौथं काम: खरं काम जवळून बघा

वहीत वर आलेल्या दोन-तीन गोष्टींची आता परीक्षा घ्यायची. तीन गोष्टी करा.

ज्या डिग्रीचा विचार आहे तिचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. पहिल्या वर्षाचा वाचू नका, शेवटच्या वर्षाचा वाचा. मानसशास्त्र म्हणजे माणसांशी गप्पा असं समजून गेलेल्या कितीतरी मुली संख्याशास्त्र बघून हबकतात. अर्थशास्त्रात पुढे गणित वाढतच जातं. पेपरांची नावं वाचून उत्सुकता वाटते की छातीत धस्स होतं, ते वहीत लिहा.

मग त्या विषयाची खरी तासिका ऐका. सरकारच्या 'स्वयम'वर आणि आयआयटींच्या 'एनपीटीईएल'वर कॉलेजची व्याख्यानं फुकट आहेत. पाच ऐका. छान छान तीन मिनिटांचे व्हिडिओ नकोत, तास-तासभराची व्याख्यानं ऐका.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. ते काम करणाऱ्या माणसाला गाठा. नात्यात, गावात, जुन्या विद्यार्थ्यांत कुणी ना कुणी सापडतं. त्यांना 'या क्षेत्रात स्कोप आहे का' असं विचारू नका, त्यावर सगळे तेच ते बोलतात. विचारा, "काका, काल सकाळी कामावर गेल्यापासून घरी येईपर्यंत काय काय केलंत?" जमलं तर त्यांच्यामागे आठवडाभर फिरा. माझा एक विद्यार्थी आर्किटेक्ट व्हायचं म्हणून पंधरा दिवस एका आर्किटेक्टच्या ऑफिसात जाऊन बसला. नगरपालिकेच्या मंजुरीचे नकाशे, त्यातल्या दुरुस्त्या, पुन्हा नकाशे. त्यात त्याचं मन रमेना. पण साइटवर गेल्यावर स्लॅबच्या सळ्या बांधणाऱ्या मिस्त्रीपासून तो हलेना. आज तो सिव्हिलला आहे आणि खूश आहे.

एक गोष्ट मी प्रत्येकाला करायला लावते. प्रत्येक कामात एक गाढवमेहनतीचा भाग असतो. तबल्यात तोच कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, विलंबित लयीत तासभर. वकिलीत जाडजूड फायली. प्रोग्रॅमिंगमध्ये एका चुकलेल्या चिन्हासाठी घालवलेली दुपार. वनस्पतिशास्त्रात गोळा केलेले नमुने वर्तमानपत्रात दाबायचे आणि कागद ओला झाला की बदलायचा, पुन्हा पुन्हा. कोणत्या कामाचा कंटाळवाणा भागही तुम्ही कुरकुर न करता करता? आवडीचा झगमगाट सगळ्यांतच असतो, टिकाव इथे कळतो. त्या मुलीने सुट्टीत चाळीस नमुने दाबले. एकालाही बुरशी लागली नव्हती.

पाचवं काम: दोन आवडी भेटतात कुठे?

इथवर आल्यावर वहीत दोन किंवा तीन ओळी ठळक राहतात. त्या एकमेकींना लागतात का बघा. हे जमलं तर फार मोठं बळ मिळतं, कारण दोन्ही जाणणारी माणसं नेहमी कमी असतात.

जीवशास्त्र आणि गणित आवडत असेल तर जैवसंख्याशास्त्र आणि बायोइन्फॉर्मेटिक्स आहे. भूगोल आणि कॉम्प्युटर असेल तर जीआयएस, म्हणजे उपग्रहांच्या चित्रांवरून नकाशे आणि पाण्याचे, पिकांचे अंदाज. विज्ञान आणि कायदा एकत्र हवा असेल तर पेटंटचं काम: पेटंट एजंटची परीक्षा द्यायला विज्ञान, इंजिनीअरिंग किंवा तंत्रज्ञानाचीच पदवी लागते, कायद्याची लागत नाही. रसायनशास्त्र आणि इतिहास असेल तर जुनी चित्रं, हस्तलिखितं, धातूच्या मूर्ती यांचं जतन. भाषा आणि तर्क आवडणाऱ्यांना भाषाशास्त्र. आणि जीवशास्त्र आणि चित्रकला असेल तर शास्त्रीय रेखाचित्रं. वनस्पतीची नवी जात सापडली की तिच्या वर्णनासोबत रेखाचित्र देण्याची रीत आजही आहे. फोटोत जे एकमेकांआड लपतं ते रेषेत सुटं करून दाखवता येतं.

दोन आवडी भेटल्या की काय होतं याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात १९०७ साली जन्म, हार्वर्डमधून पदवी, मग पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवायचे. त्यांना संख्याशास्त्राचं एखादं खरंखुरं कोडं सोडवायचं होतं आणि त्यांनी घेतली तक्षशिलेला सापडलेली चांदीची जुनी आहत, म्हणजे ठसे मारलेली नाणी. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं, वजन कमी होतं. मग नीट वजनं करून गणित मांडलं तर कोणतं नाणं किती काळ चलनात होतं हे सांगता येईल. ते ताजव्यावर एकेक नाणं तोलत बसले, पडताळ्यासाठी आपल्या काळातली साधी चलनी नाणीही हजारोंनी तोलली. नाण्यांपासून ती पाडणाऱ्या राजांपर्यंत, तिथून प्राचीन समाजाच्या इतिहासापर्यंत आणि संस्कृतापर्यंत ते पोचले. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी काढली. अनुवंशशास्त्रात त्यांच्या नावाचं सूत्र आजही वापरतात. त्यांना कुणी भाराभर चिंध्या म्हटलं असेल का, मला नेहमी वाटतं. फरक इतकाच की त्यांच्याकडे गणित पक्कं होतं. एक गोष्ट खोलवर येत होती, बाकीच्या तिच्या आधाराने उभ्या राहिल्या. म्हणून जोडी शोधताना दोन्हींतली एक तरी मन लावून, परीक्षेपुरती नव्हे, शिकायची तयारी हवी.

जोडी जुळतच नसेल तर ओढूनताणून जुळवू नका. तबला आणि बॉटनी यांची काही सांगड नाही. नसू दे.

सहावं काम: कॉलेज आतून बघा

आता डिग्री कशी घ्यायची ते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून बीए, बीएस्सी, बीकॉमचा साचा बदलला आहे. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५पासून तो लागू आहे. अनेक आवडी असणाऱ्यांसाठी त्यातल्या दोन गोष्टी मोलाच्या. मुख्य विषयाबरोबर एक मायनर, म्हणजे जोडविषय घेता येतो. आणि ओपन इलेक्टिव्ह हा खुला विषय आपली शाखा सोडून दुसऱ्या शाखेचाच घ्यावा लागतो. सायन्सची मुलगी संगीत, अर्थशास्त्र किंवा भाषा अधिकृतपणे शिकू शकते आणि त्याचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, तिच्या डिग्रीत धरले जातात.

पण कागदावरचं आणि कॉलेजातलं वेगळं असतं. ॲडमिशनआधी कॉलेजात जाऊन ऑफिसला न विचारता विभागातल्या प्राध्यापकांना विचारा: या मुख्य विषयाबरोबर गेल्या वर्षी मुलांनी खरोखर कोणते मायनर घेतले? खुल्या विषयांत काय काय प्रत्यक्ष शिकवलं गेलं? प्रॅक्टिकल किती वाजता संपतात? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण संध्याकाळचा तबल्याचा क्लास त्यावरच अवलंबून आहे. लॅबमध्ये डोकावून मायक्रोस्कोपवर धूळ आहे का तेही बघा.

'स्वयम'वरचे परीक्षेसह केलेले कोर्स कॉलेजने मान्य केले तर डिग्रीत धरता येतात, एका सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत. हे क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'च्या खात्यात जमा होतात, ते खातं पहिल्याच वर्षी उघडा.

यूजीसीने २०२२पासून एकाच वेळी दोन डिग्र्यांना परवानगी दिली आहे. एक कॉलेजात आणि दुसरी मुक्त विद्यापीठातून किंवा ऑनलाइन, अशी जोडी व्यवहारात जमते. वकिलीसारख्या परवान्याच्या कोर्सला त्यांच्या परिषदेचे नियम वेगळे असतात, ते आधी बघून घ्या. खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी दोन डिग्र्या अंगावर घेऊ नका. एक सत्र जाऊ दे, वेळ किती उरतो ते बघा, मग ठरवा.

रियाजासाठी आपल्याकडे जुन्या, चांगल्या सोयी आहेत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षा डिग्री करता करता देता येतात. वर्षातून एक परीक्षा समोर असली की रियाज 'वेळ मिळेल तेव्हा'वर जात नाही. परदेशी भाषांच्या पातळ्यांच्या परीक्षाही तशाच.

आणि एक कळकळीची विनंती. जिथे कॉलेज नावापुरतं असतं आणि मुलं सकाळी सातपासून रात्रीपर्यंत क्लासमध्ये कोंडलेली असतात, तिथे अनेक आवडींच्या मुलाला पाठवताना दहादा विचार करा. दोन वर्षांनी परत येतं ते मूल पुष्कळदा एकाही गोष्टीची आवड नसलेलं असतं. मी अशी मुलं वर्गात पाहिली आहेत, आणि त्यांना पुन्हा कशात तरी रमवायला फार वेळ लागतो.

पैसे आणि वर्षं

हे पान आईवडिलांनी आणि मुलांनी एकत्र लिहायचं. फी, होस्टेल, मेस, एसटीचा पास, पुस्तकं, परीक्षा फी, सगळं मिळून वर्षाला किती, गुणिले वर्षं. शेजारी लिहा: पहिला पगार कोणत्या वर्षी? बीएस्सीनंतर एमएस्सी, मग पीएचडी म्हटलं तर वाट लांब आहे, हे मुलाला आजच कळू दे. त्यात विद्यावृत्ती मिळते हेही कळू दे.

सवलती नीट तपासा. महाराष्ट्रात जुलै २०२४च्या निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि कॅप राउंडने, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतला असेल तर, व्यावसायिक कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कॅप सोडून संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेतला की ही सवलत हातची जाते.

वहीतल्या आवडींपैकी एकीने घर चालवायला हवं. सगळ्यांनी कमवायची गरज नाही, पण ती एक कोणती, याचं उत्तर लिहून ठेवा.

घरच्यांशी बोलताना

"तुम्ही मला समजून घेत नाही" याने काही होत नाही. बाबांसमोर वही ठेवा. त्यांची काळजी खरी असते. त्यांनी दोन दगडांवर पाय ठेवून पडलेली माणसं पाहिलेली असतात. एका पानावर चार ओळी पुरतात: हे घेणार, याची वर्षं इतकी, खर्च इतका, आणि नाही जमलं तर हे करणार. शेवटची ओळ सगळ्यात जास्त वाचली जाते. त्या मुलीच्या वडिलांनीही तीच दोनदा वाचली. तिथे लिहिलं होतं: 'बीएस्सीनंतर बीएड किंवा तीन वर्षांचं लॉ.' ते म्हणाले, "म्हणजे वकिली गेली नाही तर." ती म्हणाली, "नाही बाबा, नंतर आहे."

आईवडिलांना मी एवढंच सांगते, 'लोक काय म्हणतील' ही ओळ वहीत लिहू नका. तिच्यापुढे ना तारीख टाकता येते, ना खर्च.

आणि चुकलंच तर

चुकतं. मन लावून निवडलेलंही चुकतं. पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर, साधारण डिसेंबरात, वही पुन्हा काढा. विषय नको आहे, की शिकवणारे नको आहेत, की घराची आठवण येते आहे? तिन्हींची औषधं वेगळी. विषयच नको असेल तर पहिलं वर्ष पूर्ण करून थांबता येतं. नव्या रचनेत जादाचं चार क्रेडिटचं कौशल्याचं काम केलं तर एका वर्षाचं सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा मिळतो, आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन पुढे शिकता येतं. अर्धवट सत्र सोडून मात्र पळू नका, ते ना इकडे मोजलं जातं ना तिकडे. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेल्यांना डिप्लोमा झाल्यावर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तीही हाताने काम आवडणाऱ्या मुलांसाठी फार चांगली वाट आहे.

ती मुलगी आता बीएस्सी बॉटनीच्या तिसऱ्या वर्षाला गेली आहे. परवा दोघं आले होते, पेढे घेऊन. तबल्याची मध्यमा परीक्षा पास झाल्याचे पेढे. तिने पिशवीतून एक जाड कागद काढून माझ्यासमोर ठेवला. कासच्या पठारावर वाटेच्या कडेला बसून काढलेली सीतेची आसवं ही रानफुलं, पाकळीवरच्या शिरांसकट, ठिपक्या-ठिपक्यांनी सावली दिलेली. मी कागद उजेडात धरला तर मागून काही अक्षरं दिसली. उलटून बघितलं, पेन्सिलीने तबल्याचा कायदा लिहिला होता: धाती धागे नधा तिरकिट.

वडील म्हणाले, "कागद वाया घालवत नाही ती, मॅडम."